ऐकणारा तबला

आमच्या भजनी मंडळाचे तबलजी पुण्याला मुलाकडे राहायला गेले, म्हणून मी कॉम्प्युटर प्रोग्रामिंग शिकले. हे मी कुणालाही सांगितलं की समोरचा आधी "अरे वा" म्हणतो आणि मग हळूच विचारतो, "पण का?" तेव्हा सगळंच सांगितलेलं बरं.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आमची कॉलनी आहे. बहुतेक घरं निवृत्त फौजींची. दारावरच्या पाटीवर आधी हुद्दा आणि मग नाव. एका पाटीवरचं नाव पावसानं पुसून गेलंय, हुद्दा मात्र अजून ठळक आहे. पुरुष फौजेतून निवृत्त झाले, पण त्यांच्या बायका काही हुद्द्यावरून निवृत्त झाल्या नाहीत. दर गुरुवारी दुपारी समाजमंदिरात बायकांचं भजन असतं. तिथं पहिल्या रांगेत सुभेदारांच्या बायका, दुसऱ्या रांगेत हवालदारांच्या आणि शेवटी, चपलांच्या ढिगाजवळ, शिपायांच्या. असा नियम कुणी केला नव्हता, म्हणून तो मोडणार तरी कोण?

मंडळाच्या अध्यक्षा मेजरीणबाई. त्यांचे यजमान सुभेदार मेजर होऊन आले, त्यामुळे सगळी कॉलनी बाईंना याच नावानं ओळखते. माझे यजमान हवालदार. मी पेटी वाजवते आणि जन्मभर हायस्कुलात गणित शिकवलं, म्हणून सगळ्या मला मास्तरीणबाई म्हणतात. पण शिक्षण रांगेत धरत नाहीत. माझी पेटी दुसऱ्या रांगेत.

तबलजी म्हणजे निवृत्त पोस्टमन, मंडळातला एकुलता एक पुरुष. फार मोठे वादक होते असं नाही, पण त्यांना वाट बघता यायची. मेजरीणबाईंचा आवाज खणखणीत. मात्र प्रत्येक अभंगात तिसऱ्या ओळीपासून त्यांची गाडी उताराला लागायची. पोस्टमनकाका न बोलता त्यांच्या मागं धावायचे आणि कडव्याच्या शेवटी त्यांना गाठून परत जागेवर आणायचे. ते गेल्यावर आम्ही मोबाइलवर तयार ठेका लावून पाहिला. ठेका आपल्या चालीनं चालत राहिला आणि मेजरीणबाई तिसऱ्या ओळीला एकट्याच पुढं निघून गेल्या. समेवर तबला आला तेव्हा तिथं कुणीच नव्हतं.

मेजरीणबाई मोबाइलकडं बघून म्हणाल्या, "आवं, ह्याला ऐकाय येत न्हाई व्हय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी जाताना तो प्रश्न माझ्याबरोबर आला. खरंच, ह्याला ऐकू का येऊ नये?

पुण्याच्या लेकीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "आई, लोक कोड लिहून गाणी करतात, चित्रं काढतात. तू शीक की." आईला फोनवर अजून पाऊण तास बोलू द्यायचं नसलं की मुली असा सल्ला देतात. मी तो मनावर घेतला.

आधी बाजारातल्या एका कॉम्प्युटर क्लासला गेले. जिना चढून वर पोचेपर्यंत माझा दम गेला. तिथल्या सरांना मिसरूड नुकतीच फुटली होती.

"कुणासाठी चौकशी, काकू? नातवासाठी?"

"माझ्यासाठी."

"मग टायपिंग घ्या."

"टायपिंग नको. प्रोग्रामिंग शिकायचंय."

"कशासाठी?"

"तबल्यासाठी."

सरांनी एकदा वर पंख्याकडं पाहिलं. मग मवाळपणे म्हणाले, "काकू, माझं ऐका. हिशेबाचं सॉफ्टवेअर शिका. आपल्याकडं त्याच्यावर जीएसटीचा कोर्स फ्री आहे."

"जीएसटीला ठेका कुठला असतो?" मी चिडून विचारलं.

"तिमाही," सर म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

शेवटी लेकीनंच पाठवलेला एक ऑनलाइन कोर्स मी घरच्या लॅपटॉपवर सुरू केला. शिकवणारी बाई कुठल्यातरी थंड देशातली होती, स्वेटर घालून बसायची. पहिल्याच धड्यात ती म्हणाली, बिनधास्त चुका करा, खेळा. आम्ही शाळेत मुलांना याच्या नेमकं उलट सांगून पगार घेत होतो. तिनं पडद्यावर एक गोल काढायला लावला. माझा गोल काही निघेना. लाल अक्षरांत ओळच्या ओळ उमटायची. शोधता शोधता कळलं, की मी एक कंस उघडून बंद करायचा विसरले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वहीत लाल शाई ओतली, आता ती मशीन माझ्यावर ओतत होतं. गोल निघाला तेव्हा मी यजमानांना बोलावून दाखवला. ते म्हणाले, "वाटी ठेवून पेन्सिलीनं काढला असतास तर कवाच झाला असता."

पण पुढं त्यांचं मत बदललं. मी आठ मात्रांचा भजनी ठेका लिहिला, आणि तो एकदा सुरू झाला की मी थांब म्हणेपर्यंत वाजत राहायचा. ते दारात उभे राहून बघायचे. "ही चीज फौजेतली दिसते," ते म्हणाले. "सांगितलं तेवढं करते. का म्हणून विचारत नाही." त्या दिवसापासून घरात माझ्यापेक्षा लॅपटॉपला जास्त मान मिळायला लागला. त्याच्यावर कुणी चहाचा कप ठेवलेला त्यांना चालत नसे.

तबल्याचा आवाज हवा होता. पोस्टमनकाका पेन्शनच्या कामाला साताऱ्यात आले, तेव्हा त्यांना जेवायलाच बोलावलं. बाहेरच्या खोलीत यजमानांच्या बातम्या चालू, म्हणून काकांना स्वयंपाकघरात पाटावर बसवून एकेक बोल रेकॉर्ड केला. धा झाला, धिं झाला, आणि ता वाजवताना नेमकी कुकरची शिट्टी झाली. तेवढी काढून टाकायला मी कधी नीट शिकले नाही. त्यामुळं आमच्या तबल्याच्या प्रत्येक ता मागं एक बारीक फुस्स आहे. पहिल्या तालमीत दोन बायका गॅस बंद करायला घरी जाऊन आल्या.

आता ह्या तबल्याला कान द्यायचे होते. त्याचं गणित सोपं होतं. माइकमधून मोठा आवाज आला की तो ठोका समजायचा, दोन ठोक्यांमधलं अंतर मोजायचं आणि तबल्याची चाल तेवढी करायची. टाळ कुठला, माणूस कुठला, हे त्याला कळत नव्हतं. ज्याचा आवाज मोठा, तो त्याचा साहेब. अशी व्यवस्था मी शाळेपासून सहकारी पतपेढीपर्यंत सगळीकडं चाललेली पाहिली होती, त्यामुळं मला त्यात काही गैर वाटलं नाही.

गुरुवारी समाजमंदिरात लॅपटॉप मधोमध ठेवला. यजमान बाजूला उभे. अभंग सुरू झाला, तबला लागला, बायकांच्या चेहऱ्यावर नवल. तिसऱ्या ओळीला मेजरीणबाई निघाल्या. तबला निघालाच नाही. तो शांतपणे शेवटच्या रांगेच्या मागं चालला होता. चपलांजवळ बसणारी एक शिपायाची बायको, पाटणकडची, जिला आम्ही सगळ्या मावशी म्हणतो, तिचा टाळ असा काही ठोस वाजायचा की मशीननं तिलाच धरलं होतं. आणि मावशीची लय घड्याळासारखी पक्की.

गाणं थांबलं. मेजरीणबाईंनी मागं वळून पाहिलं, मग माझ्याकडं.

"मास्तरीणबाई, ह्ये मशीन शिपायाचं ऐकतंय?"

मावशी घाबरून म्हणाली, "म्या काय केलं न्हाई हो बाई. म्या निस्ता टाळ वाजवला."

"त्याला मोठा आवाज कळतो फक्त," मी म्हणाले.

"मग माझा आवाज काय बारीक हाय?"

कॉलनीत एवढा अवघड प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी मुकाट्यानं माइक उचलून मेजरीणबाईंच्या पुढ्यात ठेवला. मशीन आता त्यांचं ऐकायला लागलं, आणि खरी आफत आली. बाई तिसऱ्या ओळीला जरा पळाल्या, तबला त्यांच्याबरोबर पळाला. तबला पळाला म्हणून बाई आणखी पळाल्या. बाई पळाल्या म्हणून तबला. दोघंही एकमेकांच्या आज्ञेत होते, थांबवणारं कुणी नव्हतं. शेवटच्या कडव्याला शब्द राहिलेच नाहीत, नुसता श्वास आणि ता मागची फुस्स. यजमान मध्येच "थम!" ओरडले, पण मशीनला हिंदी येत नव्हतं. अभंग संपला तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोघींनी पाण्याच्या बाटल्या मागवल्या.

मला वाटलं, आता आपली मंडळातून बदली. पण दोन दिवसांनी भर दुपारी, कॉलनी झोपलेली असताना, मेजरीणबाई आमच्या मागच्या दारानं आत आल्या. पुढचं दार सोडून त्या कधी कुणाच्या घरी आल्या नव्हत्या. हातात कुंडीतलं कढीपत्त्याचं रोप, म्हणजे कुणी पाहिलं तर ते द्यायला आल्या होत्या.

"यजमान?"

"झोपलेत."

त्या लॅपटॉपसमोर बसल्या. मग म्हणाल्या, "मला त्यो पळतोय म्हणून सांगायचं हुतं. पर त्यो न्हाई पळत. म्या पळती."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"दम पुरत न्हाई गं आता. वळ लांब आसली की मधीच छातीत रिकामं वाटतं. मग म्या लवकर लवकर वडून न्हेती. कुणाला कळू न्हाई म्हणून." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पोस्टमनला कळलं हुतं बग. बोलला न्हाई कवा."

मला एकदम इतकं वाईट वाटलं, आणि त्यात थोडी लाजही. मी मशीनला ऐकायला शिकवत होते आणि वर्षानुवर्षं त्यांच्या मागं बसून मला हे ऐकू आलं नव्हतं. तसं काही मी बोलले नाही. त्यांना काय बरं पडेल ते विचारलं. "वळ संपल्यावर जरा दम घिऊ दी," त्या म्हणाल्या. "पर थांबल्यागत दिसाय नगं."

त्या दुपारी आम्ही दोघींनी बसून ते लिहिलं. म्हणजे मी लिहीत होते आणि त्या खांद्यावरून बघत "ह्यो कंस झाकला का?" असं विचारत होत्या. माणूस गप्प झाला, की तबल्यानं एकट्यानं एक आवर्तन वाजवायचं, मग छोटी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, घेऊन त्याला समेवर परत बोलवायचं. आणि कुणीही कितीही पळालं तरी एका मर्यादेपलीकडं तबल्यानं पळायचं नाही. पुढच्या गुरुवारी मेजरीणबाई ओळ संपवून डोळे मिटून बसल्या, तबला एकटा वाजला, तिहाई झाली, आणि त्या भरल्या छातीनं समेवर उतरल्या. पहिल्या रांगेतल्या एकीनं दुसरीला सांगितलं, "शास्त्रीय हाय ते."

एवढ्यावर गाडी थांबली असती, पण सांगलीला महिला भजन स्पर्धा होती. मेजरीणबाईंनी नाव दिलं. आम्ही जीप करून कऱ्हाडमार्गे गेलो. वाटेत माझ्या मांडीवर पेटी आणि यजमानांच्या मांडीवर लॅपटॉप, शाल गुंडाळलेला. हॉलच्या दारात संयोजकांचा माणूस टेबल टाकून बसला होता.

"तबलजी कोण?"

"कॉम्प्युटर," मी म्हणाले.

त्यानं लिहायला घेतलं आणि थांबला. "आधार कार्ड?"

"त्याचं नाहीये."

"मग सहभागी कसा करणार? प्रत्येक कलाकाराचं आधार लागतं." त्याची नजर लॅपटॉप कवटाळून ताठ उभ्या असलेल्या यजमानांवर गेली. "हे कोण? तबलजी का?"

"नाही," यजमान म्हणाले. "मी पहाऱ्यावर आहे."

त्यानं सुटकेचा श्वास टाकला आणि तबलजीच्या रकान्यात यजमानांचं नाव लिहून टाकलं.

आमचा नंबर लागला. रंगमंचावर बसलो, साउंडवाल्यानं वरचे सगळे माइक एका वायरीनं लॅपटॉपला जोडून दिले, मी प्रोग्राम चालू केला, आणि तेवढ्यात बाहेर फटाके वाजले. सकाळपासून ज्यांची वाट बघणं चाललं होतं ते प्रमुख पाहुणे आले होते. त्यांना पुढं आणखी एक उद्घाटन होतं, म्हणून सूत्रसंचालकानं आम्हाला आहे तिथंच बसा म्हणून खूण केली, आणि पाहुणे थेट आमच्या पुढ्यातल्या माइकपाशी येऊन उभे राहिले.

"माझ्या तमाम माता-भगिनींनो!"

धिं, असा तबला वाजला.

पाहुणे दचकले. मागं पाहिलं. आम्ही सगळ्या गंभीर चेहऱ्यानं बसलो होतो. त्यांना वाटलं असावं, स्वागताची काही नवी पद्धत असेल. त्यांनी परत सुरुवात केली. मोठा आवाज, हात हवेत, प्रत्येक वाक्याला तीन जोरकस शब्द. तबल्याला असा गायक कधी मिळाला नव्हता. त्यानं त्यांना अचूक धरलं. वाक्य संपवून ते श्वासाला थांबले, की तबला एक आवर्तन वाजवायचा, तिहाई घ्यायचा आणि त्यांना समेवर बोलवायचा. पाहुणे समेवर यायचेच.

यजमान ओठ न हलवता म्हणाले, "बंद करू?"

मी हसू दाबायला पेटीच्या भात्यामागं तोंड लपवलं होतं. उत्तर मेजरीणबाईंनी दिलं. "ऱ्हाऊ द्या. ह्यो पुढारी रोज समद्यास्नी नाचवतोय. आज जरा नाचू दी."

भाषणाला टाळ्या कधी वाजवायच्या हे लोकांना एरवी कळत नाही, कुणीतरी पुढं बसून सुरुवात करून द्यावी लागते. इथं तबला सम दाखवत होता. लोकांनी पहिल्या समेवर हसून टाळी दिली, दुसऱ्या समेवर नुसतीच दिली, आणि मग सगळा हॉलच ठेक्यात आला. टाळ्या मोठ्या, म्हणून तबल्याला वाटलं हाच ठोका. त्यानं चाल वाढवली. पाहुण्यांचीही चाल वाढली. हॉलला वातानुकूलन देतो म्हणाले, धा. समोरचा रस्ता करतो म्हणाले, धा. एका आवर्तनाला चार मात्रा कमी पडत होत्या, तिथं त्यांनी नदीवर एक पूल वाढवला. पुढच्याला महिलांसाठी सभागृह. सम आली की घोषणा आलीच पाहिजे, अशी त्यांची स्थिती झाली होती. मी घातलेल्या मर्यादेला तबला पोचला आणि त्याच्या पुढं गेला नाही. ती मर्यादा नसती तर सांगली जिल्ह्याला त्या दिवशी विमानतळ मिळाला असता. शेवटी ते घाम पुसायला थांबले, तबल्यानं तिहाई घेतली, आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यांनी दोन्ही हात जोडून त्या स्वीकारल्या. इतकं मनापासून ऐकलेलं भाषण त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिलंच असावं.

त्याच्यानंतर आम्ही गायलो. कसं गायलो ते नीट सांगता येणार नाही. हसून हसून सगळ्यांची भीती गेली होती. मेजरीणबाई ओळीच्या शेवटी निवांत थांबत होत्या, मागून मावशीचा टाळ येत होता, आणि तबला एकदा हिचं, एकदा तिचं ऐकत मधून चालला होता. एका कडव्याला तर मला समजेना, की आत्ता कोण कुणाच्या मागं आहे. मी पेटीवरचा हात हलका केला आणि नुसतं ऐकलं.

परीक्षकांनी आम्हाला साथसंगतीचं खास बक्षीस दिलं. माइकवर तबलजीचं नाव पुकारलं गेलं. यजमान जागचे हलले नाहीत, कारण त्यांनी काही केलं नव्हतं. मी उठायला लागले, कारण केलं होतं. तोवर मेजरीणबाई पुढं जाऊन ढाल घेऊन आल्याही होत्या. हुद्द्याप्रमाणं ते बरोबरच होतं.

आठवड्याभरात पाहुण्यांच्या स्वीय सहायकाचा फोन आला. साहेबांना प्रचारासाठी ती तबल्याची व्यवस्था हवी होती. एकच अट: विरोधकांच्या भाषणाला ती वाजता कामा नये.

"तसं जमणार नाही," मी म्हणाले. "जो मोठ्यानं बोलेल त्याच्यामागं ती जाते."

"मग काही अडचण नाही," तो म्हणाला.

तरी मी नाही म्हटलं. साहेबांनी त्याच ठेक्यावर आणखी पूल बांधले असते आणि लोकांनी जाब विचारला असता तर आधार कार्ड यजमानांचं निघालं असतं.

सध्या मी आवाजाचं चित्र काढायला शिकते आहे. स्वेटरवाल्या बाईंच्या कोर्सचा तो पुढचा भाग. माइकसमोर गायलं की पडद्यावर प्रत्येकीची वेगळ्या रंगाची रेघ उमटत जाते, आवाज चढला की वर, उतरला की खाली. गुरुवारी दाखवलं तर अर्धा तास कुणाला कुठला रंग यावरच गेला. पहिल्या रांगेतल्या दोघींना एकच जांभळा हवा होता. सगळ्या गेल्यावर मावशी चपला शोधत मागं राहिली होती. मी म्हटलं, ये, तुझी रेघ बघ. ती माइकपासून हातभर लांब उभी राहून एक ओळ गायली. टाळाशिवाय तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. हिरवी रेघ हलत हलत पडद्याच्या टोकापर्यंत गेली.

"आन् गप बसलं की?" तिनं विचारलं.

"मग सपाट होते."

ती जरा वेळ त्या सपाट रेघेकडं बघत राहिली. मग पदर खोचून माइकच्या जवळ सरकली आणि दुसरी ओळ घेतली.